ओंगोलची बाप्टिस्ट मंडळी: आठ सभासदांपासून बारा हजारांपर्यंत

1 जानेवारी 1867 रोजी तेलुगू मुलखातील ओंगोल या गावी आठ सभासदांची एक बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या विश्वासणाऱ्यांचा स्थानिक समूह, स्थापन झाली. 1878 साल संपले तेव्हा तिच्या पटावर 12,000 हून अधिक नावे होती आणि त्यांतली साडेनऊ हजारांवर नावे त्या एकाच वर्षाच्या उत्तरार्धात चढलेली होती. जगातील सर्वांत मोठ्या बाप्टिस्ट मंडळ्यांत त्या काळी ओंगोलची गणना होऊ लागली. आपल्याकडे ओंगोल हे नाव शेतकऱ्यांना तिथल्या धिप्पाड पांढऱ्या बैलांमुळे ठाऊक असते. चर्चच्या इतिहासात ते या वाढीमुळे ठाऊक आहे.

या वाढीची दोन स्पष्टीकरणे वर्षानुवर्षे दिली जातात. मिशनच्या लेखनात ती प्रार्थनेचे फळ ठरते, तर टीकाकारांच्या लेखनात दुष्काळातील तांदळाचे, म्हणजे मदतीच्या धान्यासाठी लोक ख्रिस्ती झाले असे. पहिल्या स्पष्टीकरणाची सत्यता इतिहासाच्या साधनांनी तपासता येत नाही. दुसऱ्याची तपासता येते आणि तपासल्यावर ते अपुरे पडते. ही मंडळी कोणाच्या पायांनी चालत गावोगाव पोहोचली, दुष्काळाने तिच्यात नेमकी कोणती भर घातली आणि इतक्या वेगाची किंमत पुढे कोणी मोजली, हे या प्रकरणातील विचारण्याजोगे प्रश्न आहेत.

बंद होता होता राहिलेले मिशन

अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू मिशन 1836 मध्ये सॅम्युअल डे यांच्या आगमनाने सुरू झाले आणि 1840 मध्ये नेल्लोरला स्थिरावले. पुढची पंचवीस वर्षे त्याला जवळजवळ यश आले नाही. खर्च होत होता, माणसे आजारी पडून परत जात होती आणि बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे होते. हे ठाणे बंद करावे असा विषय अमेरिकेत एकापेक्षा अधिक वेळा चर्चेला आला. 1853 च्या बैठकीत नकाशावर एकटे पडलेले नेल्लोर पाहून कोणीतरी त्याला ‘एकाकी तारा’ म्हटले आणि त्या नावाने मिशनला जीवदान मिळाले. 1862 मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला, तेव्हा लायमन ज्युएट यांनी आपण एकटे का होईना परत जाणार, असे सांगून तो टाळला.

हेच ज्युएट 1 जानेवारी 1854 च्या पहाटे पत्नी आणि तीन तेलुगू ख्रिस्ती सोबत्यांसह ओंगोलजवळच्या टेकडीवर प्रार्थनेला गेले होते. त्या टेकडीला पुढे प्रार्थनेची टेकडी हे नाव पडले आणि मंडळीची स्थापना बरोबर तेरा वर्षांनी त्याच तारखेला झाली. मिशनच्या साहित्यात या योगायोगाला मोठे स्थान आहे. प्रकरणाच्या दृष्टीने मात्र त्या पाच जणांत तिघे तेलुगू होते, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

ज्युएट यांच्याबरोबर 1865 मध्ये नेल्लोरला पोहोचलेला तरुण म्हणजे जॉन एव्हरेट क्लाऊ. त्याचा जन्म 1836 चा, न्यूयॉर्क राज्यातला. मिशनरी होण्यापूर्वी मिनेसोटात त्याने जमीनमोजणीचे काम केले होते. हा तपशील चरित्रकार सहसा घाईने उरकतात, पण बारा वर्षांनी एका कालव्यावर तो फार उपयोगी पडणार होता. 1866 मध्ये क्लाऊ दांपत्य ओंगोलला राहायला गेले.

पेरय्याची वाट

मंडळीच्या वाढीची खरी सुरुवात ओंगोल गावात झालीच नाही. पश्चिमेला सुमारे चाळीस मैलांवर तल्लाकोंडपाडू हे गाव आहे. तिथे येर्रागुंटला पेरय्या हा मादिगा जातीचा गृहस्थ कातड्याचा व्यापार करीत असे. मादिगा हा तेलुगू समाजव्यवस्थेत अस्पृश्य ठरवला गेलेला, मेलेली जनावरे ओढणारा, चामडे कमावणारा, शेतकऱ्यांना मोटा आणि चपला पुरवणारा समाज. पेरय्याला राजयोगाची दीक्षा मिळालेली होती आणि त्याच्याभोवती शिष्यांचा एक लहानसा गट होता. कातडी खरेदीसाठी उत्तरेकडे जात असताना एलुरू येथे एका इंग्रज मिशनऱ्याचा उपदेश त्याच्या कानी पडला. 1866 मध्ये त्याने आणि पत्नी नागम्माने बाप्तिस्मा घेतला. पुढच्या काही महिन्यांत तो आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत आणि गिऱ्हाइकांत हिंडून बोलत राहिला. जानेवारी 1867 मध्ये क्लाऊ तल्लाकोंडपाडूला गेला, तेव्हा आसपासच्या गावांतील लोक शिदोरी बांधून तिथे त्याची वाट पाहत होते. चिंचेच्या बागेत काही दिवस उपदेश झाला आणि 28 जणांनी बाप्तिस्मा घेतला. नुकतीच आठ सभासदांनी सुरू झालेली मंडळी त्या एका फेरीत चौपटीहून मोठी झाली.

क्लाऊ शेत नांगरायला गेला नव्हता, पिकलेले पाहायला गेला होता, असेच या प्रसंगाविषयी म्हणावे लागते. कातड्याचा व्यापार गावोगावच्या मादिगवाड्यांना जोडणारा होता. लग्नसंबंध त्याच वाटांनी होत आणि गुरूही त्याच वाटांनी फिरत. गुरूने शिष्याच्या दारी उतरावे, शिष्याने त्याला जेवू घालावे आणि रात्री अंगणात बसून ज्ञानाची चर्चा व्हावी, ही रीत या समाजात आधीपासून रुजलेली होती. ख्रिस्ती उपदेशक त्या तयार जागेवर आले. सुरुवातीच्या उपदेशकांपैकी कित्येक जण स्वतः पूर्वी अशाच पंथांत होते.

ही माहिती उपलब्ध आहे याचे श्रेय क्लाऊच्या दुसऱ्या पत्नी एम्मा राउशेनबुश यांना जाते. त्या बर्न विद्यापीठाच्या डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषी होत्या आणि त्यांनी वयोवृद्ध मादिगा उपदेशकांच्या तोंडून त्यांच्या हकिकती ऐकून 1899 मध्ये प्रसिद्ध केल्या. अर्थात हे साधन मिशनच्या घरातले आहे. गावच्या जमीनदारांची किंवा बाप्तिस्मा न घेतलेल्या मादिगांची बाजू त्यात फार थोडी येते.

कोणासाठी दार उघडायचे

ओंगोलमध्ये याच सुमारास दुसरी एक शक्यताही आकार घेत होती. गावातील काही ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय तरुण क्लाऊच्या शाळेकडे आणि संभाषणाकडे ओढले गेले होते. मादिगांना बाप्तिस्मा दिला जाऊ लागताच त्यांनी स्पष्ट सांगितले की, हे लोक आत आले तर आम्ही येणार नाही. क्लाऊ विचारात पडला. त्या काळच्या बहुतेक मिशनांचा हिशेब असा असे की, वरचे वर्ग आले की खालचे आपोआप येतील. क्लाऊच्या आठवणीनुसार त्याने आणि त्याच्या पहिल्या पत्नी हॅरिएट यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बायबल उघडले असता दोघांसमोर एकच उतारा आला: करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय, ओवी 26 पासून पुढे, जिथे जगाच्या दृष्टीने जे हीन आणि धिक्कारलेले त्यांना देवाने निवडले, असे म्हटले आहे. या योगायोगाला कोणी काय म्हणावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. निर्णय मात्र व्यवहारात उतरला: मादिगांना दार उघडे राहिले, उच्चवर्णीय विद्यार्थी निघून गेले आणि ओंगोलच्या मंडळीचे सामाजिक रूप पुढील शतकासाठी ठरून गेले.

आपल्याकडे या निर्णयाचे वजन समजायला जालन्याचे उदाहरण उपयोगी पडेल. तिथे नारायण शेषाद्री या ब्राह्मण ख्रिस्ती पाळकाने बेथेल ही वसाहत उभारली आणि तिच्यात प्रामुख्याने मांग समाजातील कुटुंबे आली. पण तिथे जमीन आणि वसाहत आधी होती आणि माणसे तिच्यात आली. ओंगोलचे मादिगा आपापल्या गावात, आपापल्या जमीनदाराच्या नजरेखालीच राहिले.

त्यामुळे संघर्ष टळणे शक्य नव्हते. नव्या सभासदांसाठी उपदेशकांनी तीन नियम ठेवले होते: रविवारी काम करायचे नाही, मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही आणि मूर्तिपूजा करायची नाही. वरवर पाहता हे धार्मिक नियम वाटतात, पण गावगाड्यात त्यांचा अर्थ निराळा होता. रविवारी काम नाही म्हणजे सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याची आज्ञा मोडणे. मूर्तिपूजा नाही म्हणजे गावदेवीच्या जत्रेत डफ वाजवायला नकार देणे. मृतमांस नाही म्हणजे ज्या वतनी व्यवहारावर मादिगांचे हलकेपण टिकून होते, त्याचाच एक धागा तोडणे. शेतमालकांनी विहिरी बंद केल्या, काम देणे थांबवले आणि काही ठिकाणी मारहाण केली. क्लाऊने अनेकदा अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेल्या आणि त्यामुळे गोरा साहेब आपल्या पाठीशी आहे ही भावना वाड्यांमध्ये पसरली. वाढीतला हा धागा मिशनच्या आवडत्या कथनात पुसट होतो, पण तो वगळून चालणार नाही. याच मृतमांसाचा त्याग करण्याचे आवाहन डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडला धर्मांतराशिवाय, नागरिकत्वाच्या भाषेत केले. त्यावरून अन्नाच्या या एका नियमात किती मोठे बंड दडलेले होते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

दुष्काळ पडण्यापूर्वीच या मंडळीचे सभासद 3,000 च्या पलीकडे गेले होते. तांदळाचे स्पष्टीकरण इथेच पहिल्यांदा लंगडे पडते.

दुष्काळ आणि कालवा

1876 चा पाऊस गेला आणि मद्रास इलाख्यासह म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग होरपळला. सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांनीही तोच दुष्काळ भोगला. धनकवडीला सत्यशोधक समाजाने अनाथ मुलांसाठी बालाश्रम चालवला तो याच काळात. सरकारी मदतकामांवर किती मजुरी द्यावी यावर वाद पेटला. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढीच मजुरी सुचवली आणि मद्रासच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला.

मदतकामांपैकी एक होते बकिंगहॅम कालव्याचे. मद्रासच्या गव्हर्नरचे नाव लाभलेला हा कालवा किनाऱ्याला समांतर जातो आणि ओंगोलच्या पूर्वेकडून त्याचा नवा टप्पा खणला जात होता. सरकारी छावण्यांत मादिगा मजुरांना मुकादमांकडून वाईट वागणूक मिळते, मजुरीही पुरती हाती पडत नाही, अशा तक्रारी उपदेशकांनी आणल्या. तेव्हा क्लाऊने साडेतीन मैलांच्या खोदकामाचा ठेका स्वतः घेतला. जमीनमोजणीचे जुने शिक्षण इथे कामी आले. त्याचे सुमारे तीस उपदेशक मुकादम झाले आणि प्रत्येकाच्या हाताखाली शंभराच्या आसपास मजूर आले. छावणीत वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या तालुक्यांचे लोक होते. त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते.

या छावणीने काय केले ते नीट पाहायला हवे. एरवी उपदेशक एखाद्या मादिगवाड्यात रात्रभर बोलून सकाळी पुढच्या गावी जात असे. इथे तोच माणूस महिनोन्‌महिने दिवसभर बरोबर होता. मजुरी मोजून देत होता, आजाऱ्याची विचारपूस करीत होता आणि दुपारच्या विश्रांतीत, संध्याकाळी विस्तवाभोवती बसून शुभवर्तमान सांगत होता. कष्टी आणि भारावलेल्यांना विसावा देण्याचे ख्रिस्ताचे वचन मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांना सांगायला फार विवेचन लागत नसे. शिवाय मुकादम आपल्याच जातीचा आणि शिवी न देणारा, हा अनुभव त्या माणसांच्या आयुष्यात पहिलाच असावा. दुष्काळाने मंडळीला दिलेली भर ही होती: एका जागी जमलेली माणसे, भरपूर वेळ आणि त्यांच्यातूनच आलेल्या उपदेशकांची नित्याची संगत.

या सर्व काळात, सुमारे पंधरा महिने, क्लाऊने एकाही माणसाला बाप्तिस्मा दिला नाही. मदत हाती असताना बाप्तिस्मा दिला तर कोण कशासाठी आला हे कळणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. कालव्याचे काम संपल्यावर दुष्काळग्रस्तांसाठी लंडनमध्ये जमलेल्या मॅन्शन हाउस निधीचे वाटप त्याच्याकडे आले, तेव्हाही हा नियम कायम राहिला. त्याच्या हेतूविषयी शंका घेणाऱ्यांना या निर्णयाचा हिशेब द्यावाच लागतो.

जून 1878 मध्ये परिस्थिती निवळू लागली. क्लाऊने उपदेशकांना गुंडलकम्मा नदीकाठच्या वेल्लंपल्लीला बोलावले आणि सांगून ठेवले की, आता माझ्याकडे काम नाही, पैसाही नाही, मदतीच्या आशेने कोणाला आणू नका. तरीही हजारो लोक आले. आम्हाला मदत नको, पुढचे पीक बुडाले तर आम्ही मरू, पण ख्रिस्ती म्हणून मरू, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर क्लाऊने नोंदवले आहे. उत्तराचे शब्द त्याच्या स्मरणातून गाळून आलेले असणार; बाप्तिस्म्याच्या वेळी वाटायला काही उरले नव्हते हे मात्र खरे.

3 जुलै 1878

2 जुलैला 614, 3 जुलैला 2,222 आणि 4 जुलैला 701 असे तीन दिवसांत साडेतीन हजारांवर बाप्तिस्मे झाले. मधल्या दिवसाचा आकडा बाप्टिस्ट जगात इतका गाजला की, ख्रिस्ती परंपरेतील पेन्टेकॉस्टच्या दिवसाशी, म्हणजे बायबलनुसार एकाच दिवशी सुमारे तीन हजार जणांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवसाशी, त्याची तुलना होऊ लागली. बाप्टिस्टांत शिंपडून बाप्तिस्मा नसतो आणि लहान बाळांचाही होत नाही. ज्याने स्वतः विश्वास कबूल केला त्याला पूर्ण पाण्यात बुडवूनच तो द्यावा लागतो. मग एका दिवसात इतकी माणसे कशी झाली, अशी शंका अमेरिकेतही घेतली गेली. रीत सरळ होती. सहा उपदेशक नेमलेले होते, त्यांपैकी दोघे एका वेळी पाण्यात उभे राहत आणि ते थकले की दुसरे दोघे उतरत. काठावर कारकून नावे वाचून दाखवीत. सकाळी आणि दुपारी मिळून सुमारे नऊ तास हे चालले. क्लाऊने त्या दिवशी एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. बाप्तिस्मा देणारे हात सगळे तेलुगू होते.

जूनच्या मध्यापासून जुलैअखेर हा आकडा 8,691 झाला आणि वर्षअखेर 9,606. प्रत्येकाची चौकशी त्याच्या गावच्या उपदेशकाने केली होती, असे क्लाऊ सांगतो. ते खरे मानले तरी दर उपदेशकामागे शेकडो माणसे येतात आणि चौकशी किती खोल असू शकते याला मर्यादा पडतात. टीकेला जागा आहे ती इथे: धान्यापेक्षा शिकवणुकीच्या तुटवड्याविषयी.

एक मंडळी की अनेक

बाप्टिस्ट तत्त्वाप्रमाणे मंडळी म्हणजे एका ठिकाणी जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांचा स्वायत्त समूह. तिच्यावर बिशप नाही, बाहेरची सत्ता नाही. तिचे सभासद एकमेकांना ओळखतात, एकत्र प्रभुभोजन घेतात आणि निर्णय मतांनी करतात. बारा हजारांची, शेकडो गावांत पसरलेली, एका परदेशी पाळकाच्या नावाने ओळखली जाणारी ‘स्थानिक’ मंडळी हा या तत्त्वाला जवळजवळ अपवादच होता. प्रत्यक्षात कारभार दोन पातळ्यांवर चाले. दर तीन महिन्यांनी उपदेशक ओंगोलला जमत, अहवाल देत, शिक्षण घेत आणि थोडी आर्थिक मदत घेऊन परत जात. गावात मात्र मादिगांची जुनी पंचायतच वडीलमंडळाचे काम करी. कोणाला घ्यायचे, कोणाला दंड करायचा, हे तिथे ठरे आणि माणसे एकेकटी येण्याऐवजी घराघरांनी, भावकीभावकीने येत. वैयक्तिक कबुलीवर उभा असलेला पंथ सामूहिक निर्णयाने वाढला. क्लाऊने ही रचना मोडली नाही. अमेरिकन साच्यातली मंडळी त्याने आग्रहाने बसवली असती तर वाढ या गतीने झाली नसती, हे माझे मत. आणि पुढच्या अडचणींपैकी काही टळल्या असत्या, हेही तितकेच खरे.

1880 च्या दशकाच्या आरंभी सभासद 20,000 च्या पुढे गेले, तेव्हा विभागणी अटळ झाली. कंबम, विनुकोंडा, नरसरावपेट, बापटला ही स्वतंत्र क्षेत्रे झाली आणि गावोगावच्या मंडळ्यांची रीतसर स्थापना सुरू झाली. उपदेशक घडवण्यासाठी रामापट्टणमचे धर्मशास्त्र विद्यालय आधीच उभे होते. 28 डिसेंबर 1890 रोजी ओंगोललाच एका दिवसात 1,671 जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अमेरिकेत गेलेल्या क्लाऊने 25 नवे मिशनरी आणि शिक्षणासाठी 50,000 डॉलरचा निधी मागितला. माणसे वाढली, त्यांना सांभाळणारे वाढले नाहीत, याची कबुली या मागणीत आहे. क्लाऊ 1910 मध्ये अमेरिकेत वारला. ओंगोलच्या मिशन रुग्णालयाला त्याचे नाव आहे आणि तिथल्या एका चर्चला ज्युएट यांचे.

मागे राहिलेला हिशेब

भावकीच्या वाटांनी आलेली वाढ भावकीच्या सीमेवर थांबते. ओंगोलची मंडळी जवळपास पूर्णतः मादिगांची झाली, तर शेजारच्या गुंटूर भागात लुथरन मिशनकडे प्रामुख्याने माला आले. दोन्ही समाज अस्पृश्य मानले गेलेले, दोघांत जुनी तेढ, आणि आता तिच्यावर पंथाचेही शिक्कामोर्तब झाले. ज्या दाराने मादिगांना सन्मान मिळाला, त्याच दाराने इतर जाती आत येईनाशा झाल्या. पगारी उपदेशकांची सवयही सुटायला फार काळ लागला. गुरूला जेवू घालणारा समाज पाळकाच्या पगारासाठी मिशनच्या तिजोरीकडे पाहू लागला होता. तेलुगू बाप्टिस्ट मंडळ्यांची समावेशम ही स्वतःची संघटना 1962 मध्ये उभी राहिली, म्हणजे पहिल्या आठ सभासदांनंतर 95 वर्षांनी.

स्वतंत्र भारतात एक नवाच पेच आला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती आरंभी फक्त हिंदूंपुरत्या राहिल्या, पुढे शीख आणि बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजतागायत नाहीत. आंध्र प्रदेशात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गाच्या ‘क’ गटात घातले जाते आणि त्या गटाचे आरक्षण एक टक्का आहे. परिणामी जे कुटुंब चार पिढ्या मंडळीच्या पटावर आहे, ते शाळेच्या दाखल्यावर हिंदू मादिगा असू शकते. वेल्लंपल्लीच्या काठावर कारकुनांनी एकेक नाव मोठ्याने वाचून केलेली नोंद आणि आजची जनगणना यांचा मेळ त्यामुळे बसत नाही. या मंडळ्यांची आजची खरी संख्या सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी हे ठरवावे लागते की, कोणत्या कागदावरचे नाव मोजायचे.